फ्लशला जोर नाही? नवा कमोड घेण्याआधी हे वाचा

ड्रेनेजची लाइन बदलल्यावर फ्लशचा जोर गेला आणि काम करणाराच ‘कमोड खराब आहे’ म्हणायला लागला, तर त्याला पुढचा एक रुपयाही देऊ नका. आमचे बरेच पैसे असेच उकळले गेले.

आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून संडासातलं जुनं भांडं काढून समोरच्या कोपऱ्यात कमोड बसवून घेतला. जागा बदलली, म्हणजे डक्टपर्यंतची, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या जागेपर्यंतची, लाइनही नवी आली. टाइल्स बसल्या, कंत्राटदाराने हिशेब चुकता करून घेतला आणि थोड्याच दिवसांत पाणी भांड्यात चढून रेंगाळायला लागलं. तो आधी म्हणाला, टाकीचा व्हॉल्व्ह हलका आहे. बदलला. मग म्हणाला, कमोडच बाद आहे. तोही बदलला, त्याच्याच ओळखीच्या दुकानातून. शेवटी म्हणे सोसायटीची मेन लाइन तुंबलीय, प्रेशर मशीन लावावं लागेल. दर वेळी मजुरी वेगळी.

शेजारच्या काकांनी त्यांचे जुने प्लंबर पाठवले. त्यांनी काही न उघडता बादलीभर पाणी एका दमात भांड्यात ओतलं. त्याने टाकी आणि कडेखालची भोकं दोन्ही बाजूला राहतात. पाणी सपकन गेलं तर दोष वरच्या भागात, चढून हळूहळू उतरलं तर खालच्या वाटेत. आमच्याकडे ते काठापर्यंत आलं, आणि बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीवरच्या जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यातून, गुडगुड आवाज आला. खाली जाणारं पाणी पुढची हवा ढकलत जातं. तिला सुटायला जागा नसली की ती ट्रॅपमधून वर येते.

डक्टमध्ये पाहिलं तर ती हवा बाहेर सोडणारा हवेचा पाइप कापून त्याचं तोंड सिमेंटने बुजवलेलं. वर छतावर त्या पाइपच्या टोकाची जाळीदार टोपी, म्हणजे काऊल, अजून उभाच, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नाही. टाइल्स फोडल्यावर बाकीचंही दिसलं. ४ इंची लाइनला साधारण ४० फुटांत १ फूट ढाळ हवा, म्हणजे आमच्या ८ फुटांत अडीच इंच. ही लाइन जवळजवळ सपाट होती. वळणावर ४५ अंशांचे दोन बेंड लावायचे, तिथे एकच काटकोनी एल्बो. बिलात ‘टाइप बी’ एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा) पाइप, आणि कापून काढलेल्या तुकड्यावर छापलेलं ‘टाइप ए’. ‘ए’ पातळ असतो, पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपसाठी. मैल्याच्या लाइनला जाड ‘बी’च लागतो. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. हवेचा पाइप कंत्राटदाराने स्वतःच बुजवला होता, आणि तरी एका म्हाताऱ्या बाईच्या घरी तो नवा कमोड विकून गेला.

तुमच्याकडे असं काम निघालं तर कोबा घालण्याआधी लाइनवर लेव्हल ठेवून फोटो काढा. पाइपवरची छपाई फोटोत येऊ द्या. कमोड जोडला की बादली ओतून बघा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

दुरुस्तीनंतर फ्लश व्यवस्थित चालतोय. कंत्राटदार फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत २ वर्षांची आहे. पाइपचा तो तुकडा, बिलं आणि फोटो घेऊन आता तिकडे जाणार आहोत.