आत जायच्या आधीच तपकिरी झालेला पाऊच: १,७२,८०० रुपयांची फसवणूक

हे लिहायला मला सव्वा महिना लागला. लाज वाटत होती. एकोणीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) काढलेल्या बाईला कुणीतरी पाऊचचे, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायला ज्या कागद-प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करतात तिचे, रोल विकून फसवतो, हे सांगायचं कुणाला? पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका छोट्या हॉस्पिटलच्या इन्चार्ज सिस्टरचा फोन आला. तोच माणूस, तीच भाषा, तोच भाव. तिने अजून पैसे भरले नव्हते, म्हणून ती वाचली. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमचं हॉस्पिटल बावीस खाटांचं. ओटी, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करायचा विभाग) आणि त्या दोन्हींची खरेदी माझ्याकडे. माणूस कसा आला ते थोडक्यात सांगते, कारण असे लोक कसे येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आधी एका नावाजलेल्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून तो आमच्याकडे खरोखरच यायचा. नंतर म्हणाला, आता मी डिस्ट्रिब्यूटरकडे आहे, माल तोच, भाव कमी, पण एक तारखेपासून दर वाढणार. मी लगेच ऑर्डर दिली नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. नमुन्याचा रोल मागितला. तो सील करून, उघडून, आत रंगीत पाणी घालून सीलमधून रंग पाझरतो का तेही पाहिलं. दोन वेळा ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशिनमधून काढला. काही म्हणजे काही खोट नव्हती. असणार कशी, नमुना खरा होता! खोटा माल नंतर आला. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा: नमुना तपासून उपयोग नाही. आलेल्या मालातला कुठलाही एक खोका आपल्या हाताने उचलायचा, त्यातला रोल तपासायचा, आणि मगच उरलेले पैसे द्यायचे.

हिशेब असा. ६४ रोल, ७५ मिलिमीटरपासून ३०० मिलिमीटर रुंदीपर्यंत सहा मापांचे, १,४७,२०० रुपये. टाइप ५ च्या इंडिकेटर स्ट्रिपचे (पॅकच्या आत ठेवून निर्जंतुकीकरण नीट झालं का ते पाहायच्या पट्ट्या) १० डबे, १८,६०० रुपये. ऑटोक्लेव्ह टेप, ७,००० रुपये. एकूण १,७२,८००. त्यातले १,२०,००० आगाऊ, आणि ५२,८०० माल उतरवताना, खोके न उघडता. हो, न उघडता. त्या दिवशी सकाळपासून चार केसेस होत्या, टेम्पोवाला दारात उभा होता, आणि खोक्यावर ओळखीचं नाव छापलेलं होतं.

संध्याकाळी खोके उघडले तेव्हा सहाही मापांच्या रोलवर एकच लॉट नंबर (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) दिसला. एकोणीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. तरी म्हटलं, एकाच वेळी छापले असतील.

आता तो क्षण सांगते, जो मला अजून झोपू देत नाही.

वापर सुरू करून तिसरा दिवस. दुपारी उपकरणांचे सेट पॅक करायचं काम चाललं होतं. सीलरवर, म्हणजे पाऊच उष्णतेने चिकटवणाऱ्या मशिनवर, आमच्या मावशी होत्या. चौदा वर्षं त्या हेच काम करतात. शाळा चौथीपर्यंत, पण हात आणि डोळा असा की सीलमध्ये केसाएवढी सुरकुती पडली तरी त्यांना दिसते. त्यांनी एक पाऊच माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "सिस्टर, हे मशिनमध्ये जायच्या आधीच तपकिरी झालंय बघा." मी बघितलं. सीलच्या कडेला गुलाबी असायला हवा तो ठिपका तपकिरी झाला होता. एक नाही, ओळीने तीन. मी म्हणाले, "सीलरची धग लागली असेल. तापमान दहा अंशांनी कमी करा." त्या म्हणाल्या, "आधीच्या रोलला कधी धग नाही लागली." आणि मी, दुसऱ्या दिवशीच्या यादीवरची नजरसुद्धा न उचलता म्हणाले, "मावशी, काम करा."

पाऊचवरचा छापील ठिपका हा टाइप १ चा इंडिकेटर. पाऊच निर्जंतुक झाला असं तो सांगतच नाही. हा पाऊच प्रक्रियेतून जाऊन आलाय, एवढंच सांगतो. पण त्यासाठी त्याने वाफेला रंग बदलायला हवा, सीलरच्या कोरड्या उष्णतेला नाही. ठिपका आधीच तपकिरी असेल तर रॅकवर झालेला पाऊच आणि न झालेला पाऊच जुळ्या भावंडांसारखे दिसणार. हे मी स्वतः दर सहा महिन्यांनी नव्या मुलींना शिकवते. माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आणि समोर धरलेलं मला दिसलं नाही.

त्यावर आणखी वाईट हे की मी तापमान उतरवलं, त्याने सील कच्चे झाले. पाचव्या दिवसापासून पाऊच उघडायला लागले. ऑटोक्लेव्हमधून काढताना दोन, रॅकवर तीन, एकदा तर ट्रॉलीवर सरांच्या समोर. काहींचा कागद सोलताना फाटून त्याचे तंतू हवेत उडत होते. चांगल्या रोलचं सील सोललं की कागद न फाटता निघतो आणि प्लॅस्टिकवर सीलचा सलग पांढरट पट्टा उमटतो. तंतू उडणं म्हणजे तेच तंतू उपकरणावर आणि पुढे जखमेत. मी त्या माणसाला फोन केला. त्याचं उत्तर तयारच होतं: "मॅडम, तुमच्याकडची हाताळणी बघा. पाऊच जास्त भरताय, ओले काढताय."

आणि मी मानलं. दोन दिवस मावशींना आणि आमच्या ऑटोक्लेव्हच्या मामांना सगळ्यांदेखत बोलले. मामांना तर म्हणाले, "इतकी वर्षं काम करून पाऊच उभे लावता येत नाहीत?" ते काही बोलले नाहीत.

म्हणून आमची हाताळणी काय होती ते आता सांगते, त्या दोघांसाठी. आमच्याकडे पाऊच तीन चतुर्थांशाच्या वर भरत नाहीत. सील आणि उपकरण यांत तीन सेंटिमीटर मोकळे ठेवतात. कात्र्या, आर्टरी फोर्सेप्स उघड्या ठेवतात, टोकदार वस्तूंना टोपी घालतात. जड सेट पाऊचमध्ये जातच नाही, त्याला दुहेरी रॅप. दुहेरी पाऊच असेल तर कागदावर कागद, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक, आणि आतला पाऊच कधीही न दुमडता. लिहायचं ते प्लॅस्टिकच्या बाजूला, कागदावर पेन टेकवायचं नाही. ऑटोक्लेव्हमध्ये बास्केटात कडेवर उभे, एकाचा कागद शेजारच्याच्या प्लॅस्टिककडे. ऑटोक्लेव्हची सायकल (निर्जंतुकीकरणाची एक पूर्ण फेरी) संपल्यावर सेट हाताला पूर्ण गार लागेपर्यंत रॅकवरून उचलायचे नाहीत, कारण गरम पाऊच गार स्टीलवर ठेवला की खाली पाणी धरतं, आणि ओला पॅक म्हणजे परत धुण्यापासून सुरुवात. हे सगळं ती दोन माणसं रोज करत होती. कुणी तुमच्या माणसांच्या हातांना दोष देत असेल तर आधी त्याचा माल तपासा, मग माणसं.

अकराव्या दिवशी उलगडा झाला, तोही योगायोगाने. सकाळची सायकल चालू असताना वीज गेली. जनरेटर लागला, पण मशिनने सायकल रद्द केली. प्रिंटवर आकडा होता ११२ अंश. म्हणजे १३४ चा टप्पा तर सोडाच, १२१ लासुद्धा पोचली नव्हती, आणि १२१ ला किमान पंधरा मिनिटं लागतात. सेट परत लावायचे म्हणून बाहेर काढले. एका सेटमधली टाइप ५ ची स्ट्रिप मी सहज उघडून पाहिली. काळी रेघ खिडकीत "पास"पर्यंत जाऊन बसलेली.

माझे पाय गळाले. टाइप ५ ची स्ट्रिप वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही जुळल्याशिवाय पास व्हायलाच नको. ती पाहून आम्ही सेट टेबलावर उघडतो. जुन्या खरेदीतल्या चार स्ट्रिप शिल्लक होत्या. नवी आणि जुनी एकाच पॅकमध्ये घालून मुद्दाम सायकल मध्येच थांबवली. जुनी नापास, नवी पास. मग रोलचा तुकडा हॉट एअर ओव्हनमध्ये ठेवला. कोरड्या उष्णतेत सगळे ठिपके तपकिरी. मावशी शेजारी उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं" असं त्या म्हणाल्या नाहीत.

त्या अकरा दिवसांत त्या पाऊचमधल्या उपकरणांनी ३१ ऑपरेशनं झाली होती. आमची आठवड्याची स्पोअर टेस्ट (उष्णता सोसणारे जंतू मशिनमध्ये मरतात का ते पाहायची) दोन्ही वेळा चांगली आली होती, म्हणजे मशीन नीट चालत होतं, हा एकच आधार. पण आत निर्जंतुक झालेली वस्तू बाहेर रॅकवर तशीच राहते ती पाऊचच्या कागदामुळे आणि सीलमुळे, आणि तेच दोन्ही खोटे होते. ३१ पेशंटना आम्ही फोन करून बोलावलं, टाके पाहिले. दोघांना जखमेत संसर्ग होता. तो यामुळेच झाला असं कुणी सांगू शकत नाही, यामुळे झाला नाही असंही नाही. दोघंही बरे झाले. त्यातल्या एका आजींनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही का रडताय?"

नऊ ऑपरेशनं पुढे ढकलली. तातडीने दुसरीकडून रोल आणले, ३८,६५० रुपये. बाहेरच्या लॅबमधून कागद तपासून घेतला, ६,४०० रुपये. वैद्यकीय पॅकिंगचा कागद हा नाहीच, असा अहवाल आला. सगळं धरून २,१७,८५०. सर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या माणसाचा फोन त्याच संध्याकाळी बंद झाला. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. एक मिनिटाचं काम होतं, तेही फुकट. पैसे पाठवायच्या आधी करा. आणि कंपनीच्या खऱ्या कार्यालयात स्वतः फोन लावून विचारा, हा डिस्ट्रिब्यूटर तुमचा आहे का. विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर नाही.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांचं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवून सांगितलं, हा दिवाणी वाद आहे, वकील करा. माल मिळालाय ना? मी म्हटलं, मिळालाय तो माल खोटा आहे. ते म्हणाले, खोटा म्हणजे काय, पिशवी तर आहे. दुसऱ्यांदा गेले तेव्हा सायबरकडे पाठवलं, कारण पैसे ऑनलाइन गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर पैसे जाऊन २३ दिवस झाले होते. तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे अडवायची आशा असते. सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या सरकारी कार्यालयात वैद्यकीय मालाची तक्रार घेतात असं मला सांगितलं होतं, तिथल्या साहेबांनी रोल हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "यात औषध कुठाय?" मी सांगितलं, साहेब, ज्या चाकूने पोट उघडतात तो चाकू यात असतो. ते म्हणाले, अर्ज ठेवून जा. अर्ज ठेवला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर. ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर वकिलांनी सांगितलं, २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरत नाहीत, तेव्हा खटला तिथेच अडकेल. आणि ज्या कंपनीचं नाव खोक्यावर छापलं होतं त्यांचं उत्तर एका ओळीचं: हा लॉट आमचा नाही. अहो, तुमचा नाही हेच तर मी सांगतेय! तुमच्या नावाने ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कचरा पोचतोय, तुम्हाला तो कुठे कुठे गेला हे शोधावंसं वाटत नाही? तीन मेल केल्या. एकीलाही पुढे उत्तर नाही.

सहा दरवाजे झाले. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो, आणि एवढ्या वेळात तो माणूस दुसऱ्या सिस्टरला भाव देऊन येतो.

अजून काही आठवेल तसं. नवा लॉट आला की एक तुकडा सीलरखाली दाबून बघा, ठिपका बदलला तर लगेच परत. सीलचा पट्टा किमान सहा मिलिमीटर हवा, पट्टी लावून मोजा. जुन्या लॉटच्या चार-पाच स्ट्रिप नेहमी बाजूला ठेवा, आम्हाला त्यांनीच वाचवलं. स्पोअर टेस्ट चांगली आली म्हणून पाऊच चांगला ठरत नाही. प्रमाणपत्रावर आयएसओ ११६०७ (अशा वैद्यकीय पॅकिंगचं मानक) छापलंय म्हणून भाळू नका, छापायला काहीच लागत नाही. प्रत्येक सेटवर लॉट नंबर आणि सायकल नंबर लिहा. आमच्याकडे ती नोंद होती म्हणून ३१ पेशंट सापडले.

मामांची आणि मावशींची मी सगळ्या स्टाफसमोर माफी मागितली. आता आमच्याकडे नवा रोल आधी मावशींच्या हातात जातो, त्यांनी हो म्हटल्याशिवाय तो सीलरवर चढत नाही.

उरलेले ४१ रोल पुरावा म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलेत. उद्या परत ठाण्यात बोलावलंय, एक खोका घेऊन या म्हणाले. गेल्या दोन्ही वेळी मी खोका घेऊनच गेले होते.