पाच-दहा रुपयांच्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : एका पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

इंदूरच्या मराठी घरांत संक्रांतीचे वाण लुटण्याची प्रथा आजही भरात आहे, आणि वाणासाठी लागणाऱ्या चहाच्या गाळण्या, कुंकवाचे करंडे, छोट्या वाट्या, कंगवे अशा वस्तू राणीपुऱ्याच्या घाऊक बाजारात डझनाच्या भावाने मिळतात. याच वस्तू मी गेल्या पावसाळ्यापासून एका मोठ्या विक्री-ॲपवर विकत आहे. संक्रांतीचा हंगाम आणि त्याच्या आगेमागेचे मंदीचे महिने, दोन्ही पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. इतक्या स्वस्त मालात नफा होतो का, असे मला नेहमी विचारले जाते. नफा होतो, मात्र तो नगामागे न मोजता पार्सलमागे मोजला तरच होतो, हे माझे ठाम मत आहे.

नव्या विक्रेत्याला सर्वांत आधी खुणावते ते शून्य कमिशन. मीशो या विक्री-ॲपने विक्रेत्यांचे कमिशन २०२१ मध्ये काढले आणि ॲमेझॉननेही एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या वस्तूंवरचे रेफरल शुल्क, म्हणजे तिथले विक्रीवरचे कमिशन, बहुतेक प्रकारांत रद्द केले. ही सवलत खरी आहे आणि छोट्या विक्रेत्याला तिचा आधार वाटतो, परंतु पाच रुपयांच्या वस्तूत कमिशन ही कधीच मोठी रक्कम नव्हती. मोठी रक्कम असते ती पोहोचवण्याच्या खर्चाची, आणि वस्तू पाच रुपयांची असो की पन्नासची, तो खर्च तेवढाच राहतो.

पाच रुपयांना पडलेली एक गाळणी सुटी विकायला ठेवली, तर कुरिअर बॅग, लेबल, चिकटपट्टी आणि शिपिंग धरून ग्राहकाला ती ऐंशी रुपयांच्या घरात दिसते. ती कोणीही घेणार नाही आणि घेऊही नये. तीच गाळणी डझनाच्या संचात ठेवली की हिशेब पालटतो : माल ६० रुपये, पॅकिंग ८, माझी मजुरी आणि नफा मिळून ३५ आणि शिपिंग साधारण ६५, म्हणजे संच १६८ रुपयांना आणि नग चौदा रुपयांना पडतो. वाणासाठी बारा-चोवीस नग एकदमच लागत असल्याने हा भाव गृहिणीला पटतो, आणि बाजारात जाऊन घासाघीस करण्याचा वेळही वाचतो. म्हणूनच, ज्या स्वस्त वस्तूची गरज एका वेळी एकाच नगाची असते, तिच्या वाटेला मी जात नाही.

यानंतरचा प्रश्न जागेचा आहे, आणि माझ्या मते अर्धा नफा इथेच कमावला किंवा गमावला जातो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजनाबरोबर आकारमानी वजनही पाहतात. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात आणि दोन्हींपैकी जास्त भरेल त्या वजनाचे पैसे लावतात. डझनभर प्लास्टिकच्या गाळण्यांचे वजन पाव किलोच्या आसपास असते. त्या ३० × २० × १० सेंटिमीटरच्या खोक्यात टाकल्या तर आकारमानी वजन १.२ किलो होते. आमच्या वहिनी या गाळण्या, दांड्या एका बाजूला करून, एकीत एक बसवतात, वर जुन्या वर्तमानपत्राचा एक वेढा देतात आणि सरळ कुरिअर बॅगेत सरकवतात. हे पुडके साधारण २५ × १० × ८ सेंटिमीटरचे होते, म्हणजे ४०० ग्रॅम, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यात आरामात बसते. करंडे असे एकात एक बसत नाहीत. म्हणून घाऊक भाव सारखाच असूनही करंड्यांपेक्षा गाळण्या आणि वाट्या मला अधिक देऊन जातात. घाऊक दुकानात माल निवडताना मी आता आधी वस्तू एकमेकींत बसवून पाहते आणि भाव नंतर विचारते.

परतीचा विषय सविस्तर लिहिण्याजोगा आहे, कारण कागदावरचा नफा इथेच विरघळतो. स्वस्त मालाचे बहुतेक ग्राहक घरपोच रोखीने पैसे देतात, आणि दारात पार्सल नाकारायला त्यांना काहीच खर्च येत नाही. असे नाकारलेले पार्सल परत आले की, माझ्या ॲपच्या सध्याच्या नियमांप्रमाणे, माझे पॅकिंग तेवढे वाया जाते. ग्राहकाने स्वीकारून नंतर परत पाठवलेल्या पार्सलचा भुर्दंड मात्र विक्रेत्यावर पडतो. समजा शंभर पार्सले पाठवली, त्यांतील बारा दारातून परतली आणि आठ स्वीकारून परत आली. पोहोचलेल्या ऐंशींवर ३५ प्रमाणे २८०० रुपये सुटतात. बारांच्या पॅकिंगचे ९६ गेले आणि आठांवर प्रत्येकी १५० परतीचे व ८ पॅकिंगचे धरून १२६४ गेले. हातात उरतात १४४० रुपये, म्हणजे पार्सलमागे साडेचौदाही नाहीत. जो ३५ रुपयांच्या भरवशावर पुढचा माल उचलतो, त्याचे भांडवल कुठे गेले हे त्याला महिनाअखेरीस कळत नाही.

परतावे कमी करण्याचा सर्वांत उपयोगी उपाय मला फोटोत सापडला. गाळणीचा फोटो हातात धरून काढावा, शेजारी नेहमीचा चहाचा कप ठेवावा आणि डझन नग मोजता येतील असे मांडून दाखवावेत. आकार लहान निघाला, ही तक्रार त्याने लक्षणीयरीत्या घटली. परत आलेले प्रत्येक पार्सल लेबल दिसेल अशा तऱ्हेने सलग चित्रीकरण करत उघडावे. माझ्याकडे वाट्यांच्या संचाऐवजी जुने मोजे भरलेले पाकीट परत आले होते. चित्रफीत असूनही पहिला दावा फेटाळला गेला आणि दुसऱ्यांदा पाठपुरावा केल्यावर भरपाई मिळाली. सव्वाशे-दीडशे रुपयांसाठी इतका खटाटोप करावा लागणे अन्यायाचे आहे, आणि ॲपने यात सुधारणा केलीच पाहिजे. हिशेबाच्या बाबतीत मात्र तक्रार नाही : प्रत्येक पार्सलची कपात वेगळी दाखवणारा तक्ता मिळतो आणि डिलिव्हरीनंतर सुमारे आठवडाभराने पैसे नियमित जमा होतात.

जीएसटीचा विचार आपल्याकडच्या विक्रेत्यांनी विशेष करावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेला मालाचा विक्रेता जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ जीएसटी पोर्टलवर मिळणाऱ्या एनरोलमेंट क्रमांकावर ऑनलाइन विकू शकतो. परंतु फक्त आपल्या राज्यात. म्हणजे इंदूरहून उज्जैन, देवास, ग्वाल्हेर, जबलपूर, बऱ्हाणपूर चालेल, पण पुणे, नाशिक, नागपूर नाही. वाणाचे खरे गिऱ्हाईक महाराष्ट्रात असल्याने मी नियमित नोंदणी घेतली. छोट्या व्यापाऱ्यांना उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरू देणाऱ्या कंपोझिशन योजनेत परराज्यात विक्री करता येत नाही, म्हणून तिचा उपयोग नव्हता. नोंदणीमुळे विवरणपत्रांचा आणि सीएच्या फीचा कायमचा खर्च मागे लागतो; उलट शिपिंगवरच्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम आपण भरायच्या करातून वजा होते, आणि विक्रीच्या रकमेतून ॲप सरकारसाठी कापून ठेवते तो ०.५ टक्के टीसीएस हा करही आपल्या जीएसटी खात्यात वळवून घेता येतो. महिन्याकाठी पार्सले थोडीच जात असतील, तर सीएची फी सगळा नफा खाऊन टाकते.

जाहिरातीबद्दल एवढेच लिहिते की एका क्लिकला एक रुपया लागत असेल आणि चाळीस क्लिकमागे एक ऑर्डर येत असेल, तर ३५ रुपयांच्या नफ्यावर जाहिरात परवडत नाही.

हंगामाचा अंदाज हा शेवटचा आणि नाजूक भाग आहे. मागणी डिसेंबरच्या मध्यापासून चढते, १४ जानेवारीच्या सुमारास सर्वाधिक असते आणि रथसप्तमीनंतर एकदम थांबते. जानेवारीअखेर पाठवलेल्या मालातील परतावे फेब्रुवारीत येतात, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक नसते. म्हणून शेवटच्या आठवड्यांत मी फक्त असाच माल ठेवते, जो चैत्रातल्या हळदी-कुंकवालाही चालेल. गाळण्या आणि वाट्या चालतात. तिळगुळाच्या चित्रांच्या डब्या चालत नाहीत, आणि त्यांची नवी ऑर्डर घेणे मी संक्रांत होताच बंद करते.