आय५-२५००के, ४.२ गिगाहर्ट्झ आणि आठ महिने: 'ऑटो' व्होल्टेजवर माझा अजिबात विश्वास नाही

गेल्या महिन्यात चार वेळा ब्लू स्क्रीन आली आणि चारही वेळा मी मशीनसमोर नव्हतो. सात महिने बिनतक्रार चाललेलं ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) अचानक बिघडलं. कारण शोधण्यात दोन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा प्रोसेसर, इंटेलचा आय५-२५००के, २०११ च्या जानेवारीत आलेला. नवीन घ्यायचा तर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, आणि धडधाकट वस्तू अडगळीत टाकणं मला जमत नाही. चार कोअर एकदम कामाला लागले की मुळात ही चिप ३.४ गिगाहर्ट्झवर चालते. ४.२ केल्यावर माझं व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं नेहमीचं काम ५२ मिनिटांवरून ४३ वर आलं. नवा टॉवर कूलर आणि ताजी पेस्ट सोडली तर खर्च काही नाही.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग आहे ती. बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला गुणणारा आकडा, ४२ केला आणि व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलं, तर माझ्या बोर्डाने १.३६ व्होल्ट दिलं. स्वतः एकेक पायरी उतरवत गेलो तेव्हा तीच चिप त्याच वेगावर १.२४ मध्ये स्थिर चालली. फरक किरकोळ वाटतो, पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशोब केला तर सुमारे २० टक्के जास्तीची वीज नुसती उष्णता होऊन जात होती. पूर्ण भारावर तापमान ८१ वरून ६६ वर आलं, त्याच कूलरवर! बोर्ड बनवणाऱ्याला प्रत्येक चिप चालायला हवी, म्हणून तो सगळ्यात कमजोर चिपच्या हिशोबाने व्होल्टेज देतो. त्याचं बरोबर असेल, पण झीज माझ्या चिपची होते. ज्यांनी 'ऑटो'वर ठेवून "ही चिप फार तापते" असं ठरवलंय, त्यांनी एकदा हाताने आकडा घालून बघावा.

४.४ सुद्धा करून पाहिलं. त्याला १.३३ लागलं. म्हणजे पाच टक्के वेगासाठी पुन्हा २० टक्के वीज. त्याच संध्याकाळी परत ४.२ वर आलो.

बेस क्लॉक मात्र १०० वरून हलवू नका. या पिढीत साटा (डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्स्प्रेसची (ग्राफिक्स कार्ड वगैरेंची जोडणी) घड्याळंही त्याच्याच तालावर चालतात. प्रोसेसर तग धरेल, डिस्कवरच्या फायली बिघडतील. खुला मल्टिप्लायर त्यासाठीच तर आहे. रॅमही मी मूळ वेगावर ठेवली, म्हणजे गडबड झाली तर संशयित एकच.

मग बिघडलं काय? वीज वाचवायची म्हणून गेल्या महिन्यात मी ठरावीक व्होल्टेज काढून ऑफसेट लावला, म्हणजे चिप त्या त्या वेगाला स्वतः मागते त्या व्होल्टेजमध्ये ठरावीक वाढ-घट. ठरावीक आकडा ठेवला की मशीन रिकामं असतानाही १.२४ तसंच राहतं. ऑफसेटमध्ये रिकाम्या वेळी मल्टिप्लायर १६ वर उतरतो तेव्हा व्होल्टेजही उतरतं. उणे ०.०६० लावलं, प्राइम९५ (प्रोसेसरवर सतत पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्रॅम) रात्रभर चालवलं, एकही चूक नाही. म्हणून ऑफसेटवर संशयच घेतला नाही. मेमरी तपासली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, कूलर काढून परत बसवला. प्रत्येक वेळी ब्लू स्क्रीनचा क्रमांक १२४, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) त्याआधी प्रोसेसरने स्वतःच दुरुस्त केलेल्या चुकांच्या १९ क्रमांकाच्या नोंदी. त्या नोंदींच्या वेळा कागदावर मांडल्या तेव्हा लक्षात आलं: सगळ्या मशीन रिकामं असतानाच्या होत्या.

रात्रभर प्राइम९५ टिकलं की काम झालं, असं मी आजवर प्रत्येकाला सांगत आलो. ते मत मागे घेतो. त्या चाचणीत प्रोसेसर एकदाही विसावत नाही, आणि माझा दोष नेमका विसाव्यात होता. उणे ऑफसेट भाराचं व्होल्टेज कापतो तसं रिकाम्या वेळचंही कापतो. मुळात तेव्हा एक व्होल्टपेक्षा कमीच असतं, माझं ०.९० पर्यंत घसरलं होतं.

एवढा उणे ऑफसेट लागला तो लोड-लाइन कॅलिब्रेशनमुळे. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ती घट हे सेटिंग भरून काढतं. मी ते जवळपास वरच्या टोकाला ठेवलं होतं. दोन पायऱ्या खाली आणलं आणि ऑफसेट उणे ०.०२० केला. भारावर आकडा पुन्हा १.२४ च्या आसपास, रिकाम्या वेळी ०.९४. मग मुद्दाम दोन दिवस मशीन नुसतं चालू ठेवलं, अधूनमधून एखादं पान उघडायचं आणि सोडून द्यायचं. एकही नोंद नाही.

एक राहिलं. टॉवर कूलरचा वारा सॉकेटभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागावर येत नाही, डब्यातल्या मूळ पंख्याचा येतो. माझ्या बोर्डावर तिथे हीटसिंक अगदी छोटा आहे, हात लावला तर चटका बसायचा. कॅबिनेटच्या बाजूला एक जुना पंखा लावल्यावर बोट ठेवता येतं.

चाचण्या सुरू करण्याआधी बॅकअप घ्या आणि सीमॉस रीसेटचा (बायॉसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणारा) जंपर बोर्डावर कुठे आहे ते पाहून ठेवा. मला तो दोनदा लागला, दोन्ही वेळा ४.४ च्या नादात. आज सलग एकोणिसावा दिवस आहे, इव्हेंट व्ह्यूअर रोज उघडून बघतोय.