बॅन, प्रोहिबिट की फॉरबिड? पाटी रंगवायला देण्याआधी

सोसायटीचे नियम, मंडळाच्या सभागृहाच्या अटी, कारखान्याच्या गेटावरची नोटीस. बडोद्यात मराठी माणसावर असा मजकूर इंग्रजीत लिहायची वेळ येतेच, कारण वाचणारे गुजराती, मल्याळी, बिहारी सगळेच असतात. मनाई करायची हे ठरलेलं असतं, शब्द ठरत नाही. शब्दकोश तिन्हींसमोर 'बंदी घालणे' एवढंच सांगून मोकळा होतो.

'प्रोहिबिट' आधी घेऊ, कारण गुजरातेत तो कानावरून जातच असतो. दारू पकडली की इथे 'प्रोहिबिशनची केस' होते. मूळ कायदा मुंबई राज्याचा, १९४९चा. पुढे त्याच्या नावातलं 'बॉम्बे' जाऊन 'गुजरात' आलं, 'प्रोहिबिशन' जागचं हललं नाही. शब्दच कायद्याचा आहे. त्यात नियम लेखी असतो आणि अपवादही लेखी असतात, म्हणून दारूबंदीच्या राज्यात तब्येतीच्या कारणावरून परमिटही मिळू शकतं. नेमकं काय बंद, हेही त्यात वाचूनच घ्यावं लागतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ प्रोहिबिशन होतं, पण घटनादुरुस्तीने दारू बनवणं, विकणं, तिची ने-आण आणि आयात-निर्यात बंद केली होती. पिण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. गुजरातेत परमिट नसेल तर पिणं हाही गुन्हा. तेव्हा नुसतं 'प्रोहिबिटेड' लिहून भागत नाही; काय, कुठे, कधी हे सोबत हवंच.

'बॅन'मध्ये चालू असलेली गोष्ट कुणीतरी अधिकाराने थांबवल्याची छटा असते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, तेव्हा मथळ्यांमध्ये सगळीकडे 'प्लास्टिक बॅन' होतं. केंद्राच्या अधिसूचनेत मात्र शब्द होता 'प्रोहिबिटेड'. मथळ्याला तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द परवडतो, हेही एक कारण. गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ जाहीर पुकारण्यात आहे. चर्चमध्ये लग्नाआधी जी घोषणा करतात, ती 'बॅन्स' याच कुळातली. माणसावर बंदी घालायची तरी 'बॅन' सहज चालतो: खेळाडू बॅन होतो, ग्रुपमधला उपद्रवी सभासद बॅन होतो.

'फॉरबिड' जपून वापरावा. त्यात हुकूम देणारा माणूस समोर उभा असतो, बाप किंवा धर्मगुरू. सेक्रेटरीने 'वुई फॉरबिड' लिहिलं की संस्थानाचा जाहीरनामा वाचल्यासारखं वाटतं. पण याच शब्दाला एक वजन आहे, ते बाकी दोघांत नाही. राज्यघटनेच्या २३व्या कलमात वेठबिगारी 'प्रोहिबिटेड' आहे. १७व्या कलमात अस्पृश्यतेचं कोणत्याही रूपातलं आचरण 'फॉरबिडन' आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर सयाजीरावांच्या नोकरीसाठी याच शहरात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावं लागलं. त्यासाठी कुणाच्या लेखी हुकमाची गरज पडली नाही. अशा न लिहिलेल्या मनाईला इंग्रजीत 'टॅबू' म्हणतात. कॅप्टन कुकने १७७७ मध्ये टोंगा बेटांवर ऐकून नेलेला शब्द. अशा मनाईशी भिडायला मला तरी 'फॉरबिडन'च जास्त ठाम वाटतो.

कायद्यांच्या नावांतही चढउतार दिसतो. बालविवाहाविरुद्ध बडोदा संस्थानाने १९०४ मध्ये केलेला कायदा 'प्रिव्हेन्शन'चा, ब्रिटिश हिंदुस्थानातला १९२९चा 'रिस्ट्रेंट'चा आणि २००६चा 'प्रोहिबिशन'चा. प्रिव्हेन्शन म्हणजे होऊ न देणं, रिस्ट्रेंट म्हणजे आवर घालणं.

व्याकरणात बहुतेकांचा पाय घसरतो तो 'प्रोहिबिटेड टू एंटर' लिहिताना. बॅन आणि प्रोहिबिट यांच्यापुढे माणूस आला की 'फ्रॉम एंटरिंग'. 'टू एंटर' फॉरबिडसोबत. फॉरबिडचा भूतकाळ 'फॉरबेड', हे लक्षात ठेवायची कटकट आणखी.

आता निवड. नियमावलीत आणि नोटिशीत 'प्रोहिबिटेड' लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर 'बॅन' किंवा सरळ 'नॉट अलाउड'. 'एम्बार्गो' व्यापाराला आणि ठरल्या वेळेआधी न छापायच्या बातमीला. सोसायटीत त्याचं काही काम नाही. परीक्षेला बसू न देणं, निवडणूक लढवू न देणं यासाठी 'डिबार'.

पाटीवर मात्र यातला एकही शब्द नको. 'नो पार्किंग' पुरतं. धूम्रपानाच्या २००८च्या नियमांनीही हेच केलंय: किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पांढरी पाटी, तिच्यावर 'नो स्मोकिंग एरिया' आणि पुढे 'इथे धूम्रपान हा गुन्हा आहे'. नियमांच्या नावात 'प्रोहिबिशन' आहे, पाटीवर नाही. 'स्ट्रिक्टली' रंगवायचे पैसे वाचवा आणि त्या जागेत दंडाची रक्कम लिहा, अर्थात सभेत ठराव झाला असेल तरच.