खोल पाण्यातला प्रोब: केबलचा की बिनतारी?
काळम्मावाडीसारख्या खोल धरणात ट्रोलिंग (चालत्या होडीमागे आमिष ओढत मासेमारी) करताना (लगत राधानगरी अभयारण्य आहे, परवानगी आधी घ्या) जीपीएस होडीचा वेग सांगतो, खालच्या आमिषाचा नाही. त्यासाठी डाउनरिगरच्या (आमिष खोल नेणारं, तारेला वजन लावलेलं साधन) वजनाजवळ प्रोब, म्हणजे तिथला वेग मोजून वर कळवणारं उपकरण, हवा.

केबलच्या प्रोबचा सिग्नल प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या स्टीलच्या केबलवरूनच वर येतो. आवरणाला बारीक चीर पडली, की आकडे उड्या मारतात किंवा गायबच होतात. पुलीजवळचा भाग दर वेळी बोटांनी चाचपा. शिवाय जाड केबलला पाण्याची ओढ जास्त. वजन मागे जातं आणि सोडलेली केबल मोजणाऱ्या काउंटरवर ३० मीटर दिसले तरी खरी खोली कमीच भरते.

बिनतारी प्रोब ध्वनिलहरींवर चालतो, बारीक तार पुरते. या लहरी पकडणारा ट्रान्सड्यूसर मात्र इंजिनच्या पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर, होडीच्या तळाखाली बसवा. नव्याने घेणाऱ्याने हाच घ्यावा.

प्रोबच्या वेग मोजणाऱ्या चाकात गवत अडकलं, तर दोन्ही सारखेच फसवतात.