भावाचं ट्रान्सप्लांट झालं त्या युनिटबद्दल: पाचपैकी चार तारे

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. त्याला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, केमोने आटोक्यात आला आणि ११ महिन्यांनी उलटला. असा उलटलेला आजार नुसत्या केमोने कायमचा जाणं अवघड, म्हणून डोनरच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, द्यायचं ठरलं. डोनर मी, त्याची ताई. पेशी मीच दिल्या आणि पुढे त्याच्यासोबत राहणारीही मीच होते, त्यामुळे हा अभिप्राय दोन्ही बाजूंनी लिहितेय. युनिटचं नाव देत नाही. तक्रारी आहेत, पण त्यातल्या दोन त्यांनी ऐकून घेतल्या आणि सुधारल्यासुद्धा.

आधी जे उत्तम होतं ते. पहिली भेट दीड तास चालली. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं की आधी पुन्हा केमो देऊन रोग खाली आणायचा, मग ट्रान्सप्लांट. बोन मॅरोत, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या हाडांतल्या मगजात, रोग भरलेला असताना केलं तर तो परत येण्याची शक्यता खूप वाढते. ट्रान्सप्लांटच्या आधीची जड केमो जागा मोकळी करते आणि उरलासुरला रोगही मारते, पण खरी मदार डोनरच्या रोगप्रतिकारक पेशींवर असते. लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या ओळखतात आणि मारतात. त्याच पेशी भावाच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवरही उलटू शकतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात. "एक हवं आणि दुसरं अजिबात नको, असं निवडता येत नाही," हे डॉक्टर स्वच्छ बोलले. बरा होईलच असं एकदाही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला ते कठोर वाटलं. आता वाटतं, त्या एका गोष्टीमुळे पुढची प्रत्येक बातमी आम्हाला पेलता आली.

डोनर निवडताना एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळवून बघतात. सख्ख्या भावंडांचं ते पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकाची चारात एक. आम्ही तिघं. मधला भाऊ अर्धा जुळला, मी पूर्ण. मला वाटलं विषय संपला. पण डॉक्टरांनी विचारलं, तुमची बाळंतपणं किती? दोन, म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की गरोदरपणात आईचं शरीर बाळाच्या अर्ध्या परक्या पेशींना ओळखायला शिकलेलं असतं, त्यामुळे अशा बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर लांबत जाणाऱ्या जीव्हीएचडीचा धोका काहीसा वाढतो. मी लगेच म्हणाले, मग मधल्याच्या घ्या. त्यावर अर्ध्या मॅचचं ट्रान्सप्लांटही आता होतं, त्यात पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध देतात, त्याचे फायदे काय, तोटे काय, हे सगळं त्यांनी मांडलं आणि तरी माझ्याच पेशी का पसंत करतायत तेही सांगितलं. हे न सांगता माझी सही घेणं त्यांना सहज शक्य होतं.

डोनरची तपासणी करणाऱ्या डॉक्टर वेगळ्या होत्या, भावाच्या टीममधल्या नाहीत. ही सोय प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी. त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि म्हणाल्या, नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, घरच्यांना आम्ही फक्त 'वैद्यकीय कारण' एवढंच सांगू. पण त्याची केमो सुरू झाल्यावर मागे फिरलात तर त्याचा जीव जाईल, कारण तोवर त्याचा स्वतःचा मॅरो संपलेला असेल. मला नाही म्हणायचं नव्हतं. तरी तो प्रश्न कुणीतरी विचारला, याचं मला फार बरं वाटलं.

पेशी मॅरोतून रक्तात याव्यात म्हणून चार दिवस रोज जी-सीएसएफचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवसापासून कंबर आणि छातीचं मधलं हाड ठणकायला लागलं, तिसऱ्या रात्री कुशीवर वळता येईना. पॅरासिटामॉलने निभावलं. पाचव्या दिवशी इंजेक्शन घेऊन लगेच रक्तातून स्टेम सेल वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर. दोन्ही हातांत सुया, पाच तास. रक्त गोठू नये म्हणून जे सायट्रेट घालतात त्याने कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. मी काही बोलायच्या आत सिस्टरांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि कॅल्शियम लावलं. संध्याकाळी आकडा आला: भावाच्या वजनाच्या दर किलोमागे ६१ लाख स्टेम सेल. एका बैठकीत भागलं. थोडा भाग त्यांनी गोठवून ठेवला. रोगाने पुन्हा डोकं वर काढलं तर त्यातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, देता येतात.

भावाला त्याआधी फ्लुडाराबिन आणि बुसल्फान ही जड केमो दिली होती. बुसल्फानने झटके येऊ शकतात, त्यासाठीची गोळी आधीपासून सुरू होती. शून्य दिवशी, म्हणजे पेशी द्यायच्या दिवशी, पिशवी आली, रक्त चढवतात तशीच लावली, ४० मिनिटांत संपली. तो म्हणाला, "ताई, एवढंच?"

एवढंच नव्हतं. सातव्या दिवसापासून तोंडाची आणि घशाची आतली त्वचा सोलून निघाली. थुंकी गिळवेना, आवाज गेला, मॉर्फिनचा पंप लागला. तो पाटीवर लिहून बोलायचा. रात्रपाळीच्या सिस्टर दर चार तासांनी गुळण्या करून घ्यायच्या, आणि तो हाताने ढकलायचा तेव्हा न रागावता दहा मिनिटांनी परत यायच्या. पांढऱ्या पेशी १०० वर अडकलेल्या. आम्ही सकाळचा रिपोर्ट यायच्या आधीच दाराकडे बघत बसायचो. सोळाव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले आणि सलग तीन दिवस वर राहिले. ग्राफ्ट लागला, म्हणजे माझ्या पेशी त्याच्या शरीरात रुजल्या. खोलीची स्वच्छता, हवेचे फिल्टर, आत येणाऱ्या प्रत्येकाचं हात धुणं, यात महिनाभरात मला एकही चूक दिसली नाही. इथवर पाचाला पाच.

सव्विसाव्या दिवशी घरी सोडलं. माझा एक तारा कापला गेला तो इथून पुढे.

जीव्हीएचडी दाबायला टॅक्रोलिमस चालू होतं. रक्तातलं त्याचं प्रमाण कमी झालं तर जीव्हीएचडी, जास्त झालं तर किडनीला त्रास, म्हणून आठवड्यातून दोनदा लेव्हल. ही लेव्हल सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायची असते, नाहीतर आकडा खोटा चढलेला येतो. वॉर्डात सिस्टर हे सांभाळायच्या, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची वेळ होती, ही ओळ नव्हती. मी इमानाने सकाळी आठला गोळी देऊन त्याला रक्त द्यायला घेऊन गेले. लेव्हल जास्त आली, डोस कमी केला. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी रक्त काढणाऱ्या मुलीने सहज विचारलं, गोळी घेतली का? तेव्हा उलगडा झाला. त्याच आठवड्यात, चौतिसाव्या दिवशी, त्याचे तळहात-तळपाय लाल झाले आणि खाजायला लागले. कातडीचा तुकडा तपासला: जीव्हीएचडी. स्टिरॉइड सुरू झाले, तीन आठवड्यांत उतरलं. डोस कमी झाल्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण त्या दोन चुकीच्या लेव्हल माझ्या हातून झाल्या आणि त्या टळण्यासारख्या होत्या.

दुसरी तक्रार रात्रीच्या फोनची. ताप १००.४ झाला की तासाभरात या, असं दहादा बजावलेलं. स्टिरॉइडवर असताना एका रात्री अकराला १०१.२ भरला. दिलेला नंबर मुख्य ऑपरेटरला लागायचा. त्यांना ट्रान्सप्लांटचा पेशंट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. २५ मिनिटं मी होल्डवर. शेवटी तशीच निघाले. इमर्जन्सीत खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत त्याला बसवलं. मी ओरडले, हो, चक्क ओरडले, तेव्हा कुठे बाजूची खोली मिळाली. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून दोन तासांनी मिळाला. इतक्या कमी प्रतिकारशक्तीच्या माणसाला तो तासाभरात मिळायला हवा. संसर्ग किरकोळ निघाला, पण त्या दोन तासांची भीती मी विसरू शकत नाही.

मी दोन्ही गोष्टी तारीख-वेळेसह लिहून दिल्या. आठवड्यात हेड सिस्टरांनी मला बसवून घेतलं, वाचलेलं दिसत होतं, सबबी सांगितल्या नाहीत. तिसरी गोष्ट छोटी: पेशी दिल्यावर मी कशी आहे हे पाच आठवडे कुणी विचारलं नाही. रोज तिथेच दिसायची म्हणून असेल. तरी डोनरला एक फोन करायला हवा.

आज १६ महिने झाले. शंभराव्या दिवशी आणि वर्षाला केलेल्या तपासण्यांत त्याच्या रक्तात १०० टक्के पेशी माझ्या, ल्युकेमिया सापडला नाही. त्याचा रक्तगट बी होता, आता माझ्यासारखा ओ झालाय. रक्तातल्या पेशींत एक्स-एक्स, म्हणजे बाईची गुणसूत्रं. लहानपणीच्या लसी पुन्हा पहिल्यापासून चालू आहेत. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षं तरी नाहीत. पहिल्या दोन वर्षांत उलटण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टर अजून 'बरा झाला' हा शब्द वापरत नाहीत. आम्हीही वापरत नाही.

ज्यांच्या घरी हे येऊ घातलंय त्यांनी सही करण्याआधी विचारा: डोनरचे डॉक्टर वेगळे आहेत का, रात्री फोन नेमका कोण उचलतं, आणि घरी गेल्यावर लेव्हलच्या दिवशी गोळीचं काय करायचं. युनिट कोणतंही असो, या तीन उत्तरांवरून बरंच कळतं. या युनिटकडे मी स्वतःच्या माणसाला पुन्हा पाठवेन.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा शेजारच्या बाकावर नुकताच डिस्चार्ज मिळालेला एक मुलगा आणि त्याची आई बसली होती. तिच्या हातात पिवळं कार्ड होतं. वर थेट ट्रान्सप्लांट वॉर्डाचा नंबर, खाली 'ताप असल्यास हे कार्ड इमर्जन्सीत दाखवा, रुग्णाला रांगेत बसवू नये', आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत: 'लेव्हलच्या दिवशी टॅक्रोलिमस सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या.' मी तिला ती मागची बाजू उलटून दाखवली.