काउंटरवर ‘सीट नाही’ म्हणाले: पुढचं विमान घ्यावं की पैसे?

तिकीट कन्फर्म, वेळेत हजर, तरी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या काउंटरवर "फ्लाइट फुल आहे, जरा थांबा" ऐकू येतं. बोर्डिंग पासवर सीट नंबर नसणं हाच खरं तर पहिला इशारा. मग तिथल्या तिथे ठरवायचं: राजीखुशीने सीट सोडायची, कंपनी देईल त्या विमानाने जायचं, की पैसे घेऊन आपली वाट धरायची.

राजीखुशीचं आधी उरकतो. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था; तिच्या नियमाप्रमाणे कंपनीने अशा तयार प्रवाशांना आधी विचारायचं असतं. बदल्यात काय द्यायचं ते कंपनीच ठरवते, किमान रकमेचं बंधन नाही. घाई नसेल आणि देणं भरघोस असेल तर चालेल. पण ‘स्वेच्छेने’ लिहिलेल्या कागदावर सही केली की नियमातली भरपाई गेली. समोरचा "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणाला तरी कागद पूर्ण वाचा.

खरी तुलना उरलेल्या दोघांत आहे. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. नागपूरहून तसा योग विरळाच. २४ तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यापुढचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. आणि पर्यायी विमान घेतलंच नाही, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर तेच ४०० टक्के, कमाल २०,०००. हा शेवटचा पर्याय काउंटरवर आपणहून कोणी सांगेल, अशी आशा ठेवू नये.

समजा मुंबईचं तिकीट ४,२०० चं, त्यात मूळ भाडं आणि इंधन मिळून ३,४००. २४ तासांच्या आतलं पुढचं विमान घेतलं तर ६,८०० आणि प्रवास. नाकारलं तर १३,६०० अधिक ४,२००, म्हणजे १७,८०० हातात.

मला खटकते ती २४ तासांची मेख. कंपनीला तुम्हाला तीन तासांनी पाठवलं काय नि तेवीस तासांनी पाठवलं काय, खर्च तोच. त्यामुळे संध्याकाळच्या विमानाऐवजी उद्या दुपारचं, तेही दिल्ली किंवा हैदराबादला उतरवून नेणारं तिकीट पुढे येतं. दिवस तुमचा जातो, भरपाई मात्र अर्धीच.

म्हणून मुंबईपुरता माझा कल पैसे घेण्याकडे. वेळ साधली तर रात्रीची दुरांतो सकाळी मुंबईत सोडते. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये दिसतात. पुण्यासाठी बैद्यनाथ चौकातल्या ट्रॅव्हल्स आहेतच. बेंगळुरूला जायचं असेल किंवा त्याच पीएनआरवर पुढचं विमान असेल, तर मात्र हट्ट करू नये, पर्यायी विमानच बरं.

काहीही निवडा, एक गोष्ट आधी करा. बहुतेक कंपन्यांचे देशांतर्गत काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात. तुम्ही त्याआधी आला होता याचा पुरावा ठेवा. काउंटरच्या बोर्डाचा फोटो किंवा बॅग टॅग चालेल. कारण नंतर सिस्टममध्ये तुमच्या नावापुढे ‘नो-शो’ पडलं, तर प्रवासीच उशिरा आला असं ठरतं आणि भरपाईचा पाया निघून जातो. ‘बोर्डिंग नाकारलं’ असं लेखी मागा. देत नसतील तर तिथूनच कंपनीला ईमेल करा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. बॅग आत गेली असेल तर ती परत हातात आल्याशिवाय विमानतळ सोडू नका.

भरपाईऐवजी व्हाउचर पुढे केलं तर ते तुमच्या संमतीशिवाय देता येत नाही. टाळाटाळ झाली तर एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि एवढ्या रकमेच्या तिकिटाला तिथे फी लागत नाही.